शाळेच्या भिंतीवरची म्हातारी

आमच्या फुलसावंगीच्या सरपंचापुढं वयाचा विषय काढू नका बरं, शाळेची भिंत रंगवली तवापासून ते लय चिडतात.

ती भिंत आम्ही बचत गटातल्या साठीच्या बाया रंगवणार होतो. बायांचं वय झालं म्हणून काम संपत नाही, हे गावाले दाखवायचं होतं. सरपंच म्हणे, "तुमचे हात थरथरतात. चित्र पेंटर काढन, तुम्ही फक्त रंग भरा."

पेंटरनं काढली कंबरेत वाकलेली, बोळकी, काठी टेकणारी म्हातारी!

सुमनबाई सकाळपासून कापूस वेचून आलती. तिनं विचारलं, "हे कोण व्हय?"

"तुम्हीच की! साठी उलटली, आता काठीच टेकाची," सरपंच हसून राह्यले.

सुमनबाई रंगाचे डबे घेऊन शिडीवर चढली. म्हातारीच्या लुगड्याचा पांढरा कुर्ता केला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, ओठावर मिशी काढली. केस तर असे काळेभोर केले, जसा आत्ताच डाय लावला.

शाळा सुटली अन् पोरं ओरडली, "अरे, सरपंच!"

सरपंच भडकले. "मी काय इतका म्हातारा दिसतो? ती काठी पुसा आधी!"

सुमनबाई खाली उतरत म्हणे, "काहून? शाळेत तुम्ही माह्या दोन वर्ग पुढं होते न?"

सरपंचानं पेंटरच्या हातचा ब्रश हिसकला अन् काठी पुसाले स्वतःच शिडीवर चढले. हात असे थरथरत होते, का खालून शिडी आम्हा म्हाताऱ्यांनाच धरा लागली.