माह्या डिस्कचा उपास

नाई, तुमीच सांगा बावा, हे मोजाची काई गरज होती का?... घरात दोन कंप्युटर, दोन्ही म्हातारे! चालू करा, चहा प्या, आंघोळ करून या, तरी पडद्यावर थो गोल फिरूनच राहिला! एक माहा, पांढुर्ण्याचा. दुसरा बायकोनं माहेरून आनलेला, नदीपल्याड सावरगावचा. अन् टेबल एकच! इंदू म्हने, "अजी, ज्याची हार्डडिस्क हळू, थो कंप्युटर घराबाहेर." झालं! आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून आमच्या दोन गावांत गोटमारीचे गोटे चालतेत, अन् मी सावरगावच्या डिस्कसमोर मान खाली घालू? मोजलं नसतं तं बरं होतं ना!

पंच पाहिजे तं ना या काठाचा ना त्या काठाचा, म्हून सौसरवरून सुधाकरले बोलावलं, कंप्युटर दुरुस्तीवाला. थो नाकात बोलते, "दादा, दोन्हीवर एकच मोठी फाइल टाकतो, जिची लवकर होईन थे जितली." म्हन्लं, बेस! पन मी का बुद्दू हाय? शंकरपटाच्या बैलाले धावाच्या सकाळी कोनी पोटभर चारते का? आदल्या दिवशी इंदू बाजारात गेली, अन् मी बसलो... माह्या डिस्कमधलं सगळं उचललं. लग्नाची व्हिडिओ, संत्र्याच्या बगीच्याचे फोटो, बाबाच्या आवाजातले भजनं. बाबा आता नाईत, तेवढा आवाजच राहिला हाय... सगळं तिच्या डिस्कमधे कोंबलं! माहा बैल हलका, तिचा गच्च!

अन् मोजनी सुरू झाली नं, काय सांगू! माही सुरसुर पुढं, तिची म्हैस पान्यात बसल्यावानी! "पांढुर्णा जितला!" म्हनत मी पेढे आनाले पयालो. वापस येतो तं टेबल रिकामं. माहा साळा संदीप तिचा कंप्युटर गाडीवर बांधून घेऊन बी गेला! इंदू म्हने, "हरला नं? शब्द म्हंजे शब्द." म्हन्लं, "अवं पन त्याच्यात..." अन् जीभ चावली. बोललो तं चोरी उघडी, नाई बोललो तं बाबा गेले! मोजलं नसतं तं बरं होतं ना!

शेवटी संदीपले फोन केला. त्यानं डिस्क उघडून सगळं पाह्यलंच होतं. थो असा गोड बोलते, "जावईबापू, देतो नं भजनं! पयले सावरगावच्या चौकात येऊन सांगा, खरी जितली कोनाची?"

जाऊ? माह्यासारखा मानूस चौकात जाऊन हे सांगीन?... मंग आता रोज सकाळी संदीप भोंगा लावते. माहा बाप जिंदगीभर या काठावरून सावरगावले गोटे मारत आला, अन् आता त्या काठावरून पांढुर्ण्याले भजन ऐकवून राहिला! इंदू चहा देते अन् म्हनते, "आवाज कसा साफ येऊन राहिला नं?"

मी का करतो? नदीवर जातो, या काठावर बसतो, अन् टाळ वाजवतो.