तिसरा तुकडा

लिहून घेताय ते ठीक हाय ताई, पण आधी सांगा, ह्ये कागद जाणार कुठं? मी माझं नाव सांगणार न्हाई, गावाचंबी न्हाई. खटाव तालुक्यातलं म्हणा, माळरान, घरटी एक फौजी, एवढं बास झालं. इथं दुबईत अल क्वोजला लेबर कॅम्पाच्या मेसमध्ये स्वयंपाकी हाय, एकोणीस वर्षं झाली, रोज चारशे माणसांची डाळ शिजवतो. तुम्ही अल मनखूलच्या, चांगल्या घरच्या, तुमच्यावर संशय घेत न्हाई, पण काय सांगू तुम्हाला, दुबईत फोन वाजला की समोरचा आधी चोर समजायचा आन मग हॅलो म्हणायचं. बँकेतनं बोलतो म्हणतात, पोलिसातनं बोलतो म्हणतात, आमच्या रूममधल्या एकानं ओटीपी सांगितला आन पगार खलास.

तर आबांचं सांगत व्हतो. आबा म्हंजे माझे आजोबा, वडलांचे वडील. हिटलरच्या लढाईत शिपाई व्हते. आफ्रिकेच्या वाळवंटात धरले गेले, तिथनं इटलीत कैदेत, तिथनं पळाले, डोंगरात कुणा मेंढक्यानं दिलेले कपडे घालून लपले, आन जर्मनांनी पुन्हा धरलं तवा अंगावर वर्दी नव्हती. वर्दी न्हाई तर तू शिपाईच न्हाईस म्हणाले, आन युद्धकैद्यांच्यात न ठेवता छळछावणीत धाडलं, जिथनं माणूस परत यायचा न्हाई. आबा आले. एवढंच आम्हाला ठाव, पुढचं ते कधी बोललेच न्हाईत.

एकदाच बोलले. पारावर कुणीतरी विचारलं, ज्ञानू, समदे मेले, तू कसा वाचलास रं? तर म्हणाले, मेलेल्याची भाकरी खाल्ली म्हणून वाचलो. झालं. गावाला तेवढं पुरलं. गावानं त्याचं केलं की ह्यानं सोबत्याचं नाव जर्मनांना सांगितलं, त्याला मारवला आन त्याची भाकरी खाल्ली. तिकडची भाकरी म्हंजे पाव, म्हणून तवापास्नं आमच्या घराला पावखाऊ म्हणायचे. माझ्या वडलांना, नानांना, शाळेत पोरं पावखाऊचा म्हणूनच हाक मारायची. नाना आता त्र्याऐंशीचे हायत, डोळ्यांनी दिसत न्हाई, पण अजून विचारतात, माझ्या बानं माणूस विकला व्हता का रं? मी काय सांगू? मी का तिथं व्हतो?

आन आबांची एक खोड व्हती, ती मी कुणालाच सांगितली न्हाई, बायकोलाबी न्हाई, लाज वाटायची. भाकरी सुरीनं कापायचे. भाकरी कुणी सुरीनं कापतं का? पण कापायचे, बोटानं मापून, तीन सारखे तुकडे. जेवायला मी आन ते, दोघंच, तरी तुकडे तीन. मग हात मांडीवर ठेवून बसायचे, मी उचलल्याबिगर स्वतः उचलायचे न्हाईत. जो कापंल तो शेवटी घेईल, एवढा कायदा. तिसरा तुकडा बाजूला. जेवण झालं की तो डोळे मिटून, हळूहळू, स्वतःच खायचे. मी लहान व्हतो, मला वाटायचं म्हातारा हावरट हाय. खरंच पावखाऊ हाय.

आता फोनचं ऐका. औंदा एका परक्या माणसाचा फोन आला, इंग्लिश बोलला, म्हणाला मी सर्बियाचा, इथं मरीनाला इंजिनीयर हाय, तुमचे आजोबा आन माझे आजोबा एका बराकीत व्हते. मी फोन कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. मग त्यानं फोटो धाडला, वहीचं पान, त्यावर मराठीत आबांचं नाव आन आमचं गाव. म्हणाला ह्ये माझ्या आजोबांच्या वहीत हाय, आमच्या बिल्डिंगच्या मराठी वॉचमननं वाचून दिलं, त्यानं फोटो पुढं धाडला आन फिरत फिरत तुमच्या गावच्या ग्रुपवर गेला, तिथनं तुमचा नंबर मिळाला. मी म्हटलं, म्हंजे ग्रुपवरनंच माहिती काढलीस की. आता इन्शुरन्स विकंल, न्हाईतर प्लॉट. तुला काय पायजे ते आधी बोल म्हटलं. भेटायचं हाय म्हणाला. फुकट कोण भेटतं हो इथं?

पण खरं सांगू का ताई, मला त्याचं भ्या नव्हतं. तो काय सांगंल त्याचं व्हतं. खरंच आबांनी माणूस विकला असला तर? नानांना काय सांगू?

शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी मेसवरच बोलावला, चार माणसात. आल्या आल्या आयडी मागितलं, दोन्ही बाजू बघितल्या. उंच, टकल्या, माझ्याच वयाचा. बोलायला लागला तसं मी हात वर केला, म्हटलं, हबीबी, आधी खाऊ. एक खुबूस, इथली अरबी रोटी, ठेवला त्याच्यापुढं, अख्खा, गोल, आन सुरी ठेवली. बाकी एक शब्द बोललो न्हाई. मनात म्हटलं, खोटा असंल तर हातानं तोडंल.

त्यानं खुबूसकडं बघितलं, मग माझ्याकडं. सुरी घेतली. बोटानं मापलं. तीन तुकडे केले. एक बाजूला सारला, आन हात मांडीवर ठेवून बसला.

 माझ्यानं उचलवंना ताई. तो नुसता बघत व्हता, मी उचलल्याबिगर त्यो काय हात लावंना. उचलला बाबा शेवटी.

मग सांगितलं त्यानं, आजोबांच्या वहीत वाचलेलं. तिघं व्हते, आबा, त्याचे आजोबा आन एक फ्रेंच मास्तर. तिघांत एक पाव, कापणारा शेवटी घेणार, म्हंजे कुणी लबाडी करायची न्हाई. मास्तर तापानं गेला, झोपेतच. आजाऱ्यांची बराक, रोगाच्या भीतीनं मोजणारा दारातनंच डोकी मोजायचा. ह्या दोघांनी त्याला मध्ये घेऊन निजवलं, पांघरूण घातलं, आन दोन दिवस तो जिता हाय असं दाखवलं. त्याच्या वाट्याचा पाव येत राहिला. तरी कापताना तीनच तुकडे करायचे, आन तिसरा मागनं अर्धा अर्धा. कुणी कुणाला विकलं न्हाई. मेलेल्याची भाकरी खाल्ली, ह्ये मात्र खरं. मी विचारलं, तुझे आजोबाबी घरी असंच कापायचे? मान हलवली. म्हणाला, आम्ही त्यांना येडे समजायचो.

मग त्यानं तिसरा तुकडा मधोमध कापला, अर्धा माझ्याकडं सरकवला. आम्ही दोघांनी खाल्ला. मी रडलो, लपवत न्हाई.

लगेच नानांना फोन लावला, समदं सांगितलं.   नाना म्हणाले, पोरा, मी आठ वर्षांचा असंल, एकदा त्यांच्या हातातनं तो तुकडा हिसकावून खाल्ला व्हता मी, तुम्हीच दोन का खाता म्हणून. मारलं न्हाई त्यांनी. नुसता हात तसाच पुढं धरून बसले.

आता तो महिन्यातनं एकदा येतो मेसवर. आयडी मी आता मागत न्हाई. नाना परवा म्हणाले, त्याला आशीर्वाद सांग माझा. तुम्हालाबी सांगतो ताई, सुखी राहा. माझं नाव अजूनबी लिहू नका, पर आबांचं लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, गावात वाचता आलं पायजे. शिपाई ज्ञानू. कुणाला विकलं न्हाई.