सुनेची मान

— मान आडवी हलवली त्यांनी, अन् तरी तू त्यांच्यासंगं किल्ला चढलास, इलियास?

— ऐक तर, बानामौशी. ‘गाइड पाहिजे का’ विचारलं, तर नवराबायकोनं अशी आडवी हलवली. मी परत फिरलो, तर मागं पळत आले. मग कळलं, त्यांच्याकडं आडवी म्हणजे हो, अन् खाली-वर म्हणजे नाही. वीस साल झाले दौलताबादला गाइडगिरी करतोय, आज पहिल्यांदा असं बघितलं.

— कुठली म्हनायची माणसं?

— बल्गेरिया. तुझा पोरगा आदिनाथ राहतो ना, तिथलेच. काय झालं? पाटी खाली ठेव. सीताफळं सांडतील. बस आधी.

— माझी सूनबी तिथलीच हाय रे.

— मग तीबी तशीच हलवणार.

— मागच्या दिवाळीला फोन लावला, तर आदिनाथ कामावर. सूनच दिसली. आपुन मराठीत बोललं की तिचा फोन तिच्या भाषेत सांगतोय. मी इचारलं, नातवाला बघाया येऊ का? तिनं मान आडवी हलवली. हसत हलवली, इलियास! मला वाटलं, काय बाई हाय, हसून नको म्हनती.

— या खुदा! ‘या’ म्हणत होती ती.

— अन् मी आदिनाथला कळवलं, गुडघे दुखत्यात, नाय जमायचं. पासपोर्ट पेटीत तसाच पडलाय. जल्मभर मेंढरांच्या माना बघून त्यांचं दुखणं वळखलं मी. सुनंची मान तेवढी उलटी वाचली. आता तर मेंढरंबी इकली. घरात मान हलवणारंच कुणी नाय.

— मग रडतीस कशाला? खुशीची बात आहे. लाव फोन, आत्ताच सांग, येते म्हणून.

— थांब. अजून एक इचारलं होतं तिला.

— काय?

— आदिनाथ घरात माझं नाव काढतो का?

— मग?

— खाली-वर हलवली. दोनदा. त्याच्यावरच तर हे वरीस काढलं मी.

— तसं काही नसतं, मौशी. परक्या माणसाशी बोलताना ते आपल्यासारखीबी हलवतात. मी लई वेळा बघितलंय.

— आत्ता तर म्हनलास, आज पहिल्यांदा बघितलं.

— मौशी…

— राहू दे. तू चांगला हाईस.

— अगं, मग आदिनाथलाच सरळ विचार ना. तो तर आपला आहे.

— म्हनून तर इचारत नाय, बाबा. त्याची मान मला कळंल.