लांबच्या देशातल्या बायांसाठी

जगभरातल्या बायकांच्या हक्कांवरचा माहितीपट बघायला हॉलबाहेर रांग लागली होती. सुलेखाची नजर पोस्टरवर होती. कान मात्र पुढच्या आत्या-भाचीच्या बोलण्याकडे लागलेले.

“आत्या, तोंड का उतरलं? आज तू पडद्यावर दिसणार!”

“त्याचीच धास्ती हाय, तनुजा. कॅमेरावाली म्हणली, मावशी, हे लांबच्या देशातल्या बाया बघतील. म्हणून मोकळं बोलले.”

“काय बोललीस?”

“तुझे आतोबा माझ्यावर हात उगारतात, ते.”

“अगं बाई! आन् आतोबा तर आलेत!”

“एकटे व्हय? गंगापूरहून जीप भरून भावकी आणलीया. बायको पिच्चरमधी आली म्हणून फेटा बांधलाय.”

“त्या बाईला सांग, तेवढं काप म्हणावं.”

“कालच फोन केला. ती म्हणली, तुमची मर्जी नसंल तर काढते.”

“मग सुटलीस की!”

“मी इचारलं, ते काढल्यावर माझं काय राहतंय? म्हणली, भाकरी थापताना दिसाल.”

“मग?”

“मग म्हणलं, राहू दे. भाकरी काय, रोजच थापते.”

दारातून फेटेवाल्यानं हाक मारली, “अगं ए, ये लवकर! पयल्या रांगेत जागा धरलीया!”

“आले, आले! ... तनुजा, तू माझ्या न् त्यांच्या मधी बस.”