शाब्बास आजोबा

दवाखान्याच्या लिफ्टसमोर दोघी फिजिओथेरपिस्ट उभ्या होत्या. धाकटी संशोधनाची फाइल छातीशी धरून सारखी बटण दाबत होती.

"दमानं घे गं. झालं काय?"

"ताई, माझ्या अकरा पेशंटांची मोजणी वाया गेलीय."

"अशी कशी?"

"महिनाभराच्या व्यायामानंतर ते सहा मिनिटांत किती चालतात, ते मोजायचं होतं. बोलायची ती ठरलेली दोनच वाक्यं. मी आपली 'शाब्बास आजोबा, अजून थोडं!' म्हणत राहिले."

"मग काय, आजोबा पळाले असतील!"

"हसू नकोस. संशोधनाच्या मॅडमना कळलं तर इंटर्नशिप गेली."

"कशाला हात दाखवून अवलक्षण? गप्प बस."

"मग माझ्या शाब्बासकीनं जास्त चालले, तरी व्यायामाचा गुण आला, असं छापून येईल."

"येऊ दे की."

लिफ्ट उघडली. धाकटी फाइल घेऊन मागं सरली.

"तू जा वर. मॅडम इथं खालीच बसतात."