मोटारीखालची खडखड

बेंबळीच्या नाक्यावर मी एसटीची वाट पाहत होतो. शेजारी लिंबाखाली एक जुनी मोटार उभी होती. मिस्त्री तिच्याखाली शिरला होता, मालक भोवती फेऱ्या घालत होता, आणि त्याची म्हातारी आई मागच्या सीटवर बसली होती.

“शब्बीरभाई, घावलं का?”

“जरा दम धरा, बलभीमभाऊ.”

“आठ दिस दमच धरलाय! सपाटीला गप ऱ्हाती, खड्डा आला की खडखड. तुळजापूरच्या घाटात चाक निखळलं म्हंजे? माय हाय गाडीत.”

“चाकं पक्की हायेत. स्प्रिंगचे पाटे बी.”

“मग काय भूत हाय व्हय खाली? इकूनच टाकतो. बैल देऊन ही बला घेतली!”

“बलभीम, चल की आता. देवीला उशीर व्हतोय.”

“माय, तू गप बस.”

“थांबा भाऊ. हितं सुतळीनं कायतरी बांधलंय. चिखलानं भरलंय पार... अहो, ही तर बैलाच्या गळ्यातली घाटी!”

“घाटी? मोटारीला कुणी बांधली? माय... तू?”

“पाखऱ्याची हाय. बैल इकलेस तवा तेवढी म्या ठिवून घेतली.”

“अगं, पण कशापायी?”

“तू रानातनं निघालास की लांबूनच घाटी वाजायची. म्या पीठ मळाया घ्यायची. मोटारी समद्या सारख्याच वाजत्यात, बाबा. आपली कंची, कसं कळावं?”

“काढू का मग, बलभीमभाऊ?”

“चिखल तेवढा काढा. अन् तारेनं आवळून बांधा.”