बाळ, दार लावून घे

...म्हणजे पुन्हा मेलेच ना मी! हसताय काय? तुम्हाला सांगते, तेवीस वर्षं हेच चाललंय. पहिल्यांदा मेले तेव्हा एकविसाची होते. नाटक कंपनीतल्या म्हातारीला ताप आला, मालक म्हणाले, "केसांना पावडर फास आणि आडवी हो खाटेवर!" झाले आडवी, मेले, टाळ्या पडल्या, आणि तिथंच माझं वाटोळं झालं! तेव्हापासून नायिकेची आई, नायकाची आई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या नायकाची आई... मरायचं तरी किती वेळा माणसानं?

मग सिनेमा आला. मुका! नुसते ओठ हलवा आणि मरा. आणि माझी आई, खरी आई हो, डोळ्यांनी पार अधू, काही म्हणजे काही दिसत नाही. नाटकं परगावी, आणि मुक्या सिनेमात तिला काय कळणार, कपाळ? रोज विचारायची, "अगं, काम काम म्हणतेस, पण करतेस तरी काय?"

आणि बोलका सिनेमा आला! मला चक्क एक वाक्य मिळालं. "बाळ, दार लावून घे." एवढं लेकीला म्हणायचं आणि मरायचं. आईला म्हटलं, "या वेळी ऐकशील हं मला!" तिनं अख्ख्या आळीला सांगून टाकलं.

मायक्रोफोन लपवलेला उशाजवळच्या कुंडीत. मी आपली सवयीनं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी... "बाळ!" आवाजवाला ताडकन उठला, "बाई, कान फुटला माझा!" बरं, हळू बोलले. "आता काहीच आलं नाही!" म्हणून कुंडीकडे वळले, तर दिग्दर्शक, "अहो, लेक इकडे उभी आहे, मरताना झाडाशी काय बोलताय?" चौदा वेळा! शेवटी म्हणाले, "असं करू, लेक येते तेव्हा तुम्ही आधीच गेलेल्या असता." गेलं वाक्य! पडले गपचूप, तर आवाजवाला, "बाई, श्वास ऐकू येतोय!" वाक्य ऐकू येत नाही मेल्याला, श्वास बरा ऐकू येतो! मरायचं तरी किती वेळा, सांगा!

आईला सांगायचा धीर झाला नाही हो. नेलं तिला थिएटरात. केस विंचरून, ताठ बसलेली, कान देऊन. माझा प्रसंग आला. पडद्यावर मी गप्प पडलेली, आणि नायिका माझ्या अंगावर पडून हंबरडा फोडतेय. सगळं थिएटर मुसमुसायला लागलं. आईनं माझा हात घट्ट धरला.

"किती गं छान रडलीस!"

म्हटलं, "आवडलं ना?"